पेन्शन ५५ला की ५८ला?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत पंचविशी काढलेल्याला खानापूरकडची भातशेती खुणावते आणि प्रश्न पडतो: आत्ताच सुटावं की अजून तीन वर्षं भट्टीपाशी काढावी? ईपीएस म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेपुरता हिशेब मांडतो.

पैसा: ५८च्या आधी पेन्शन चालू केली की दर वर्षामागे ४ टक्के कपात, म्हणजे ५५ला साधारण १२ टक्के. आणि ती कायमची. ५८ झाल्यावर भरून येत नाही. उलट नोकरीत राहिलात तर प्रत्येक जादा वर्षाला १५,००० (पेन्शनसाठी धरला जाणारा कमाल पगार) भागिले ७० (सूत्रातला ठरलेला आकडा), म्हणजे महिना फक्त २१४ रुपये वाढतात. खरा फायदा पगाराचा आणि ग्रॅच्युइटीचा (वर्षाला १५ दिवसांचा पगार), पेन्शनचा नव्हे.

शरीर: गुडघे, दम गेले असतील तर २१४ रुपयांसाठी थांबण्यात राम नाही.

कागद: दोन्हीकडे पेन्शन मागणीचा १०-डी फॉर्मच. अडतं ते नावात. शाळेच्या दाखल्यावर एक, कन्नडवरून उतरवलेल्या आधारवर दुसरंच. जन्मतारीख आणि नोकरी सोडल्याची तारीखही आधी जुळवून घ्या; कारखान्याशी संबंध असेतोवरच ते सोपं.

बरेचजण विसरतात तो मधला मार्ग: नोकरी ५५ला सोडा, पेन्शन मात्र ५८लाच मागा. कपात नाही. शेतीवर किंवा मुलांच्या कमाईवर तीन वर्षं निघत असतील त्यांनी हेच करावं. घरात दुसरी मिळकत नाही आणि तब्येतही साथ देत नाही, त्यांनी ५५ला घ्यावी. कर्ज किंवा लग्नकार्य बाकी असेल, अंग धडधाकट असेल, तर ५८.