जाळी की बाटली? तापीवर वर्षभर प्लवक मोजणाऱ्यांसाठी

तापीच्या खोऱ्यातल्या वनस्पती प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांवर, वर्षभराचं काम घेतलंय, ठिकाणंही ठरलीत, आता नमुना कशाने घ्यायचा एवढंच अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. पर्याय तसे दोनच. प्लँक्टन नेटमधून (बारीक भोकांच्या कापडी जाळीतून) बादलीबादलीनं पाणी ओतून गाळायचं, किंवा लिटरभर पाणी जसंच्या तसं बाटलीत घेऊन, त्यात लुगॉलचं आयोडीन (पेशी टिकवणारं द्रावण) घालून प्लवक तळाशी बसू द्यायचे. मी दोन्ही वापरलंय.

नुसता हिवाळाच पाहायचा असता तर जाळीला तोड नव्हती. डिसेंबरात प्रकाशाच्या बॅरेजमागे किंवा चांगदेवला पूर्णेच्या संगमावर पाणी निवळलेलं असतं. पाणी भराभर गाळलं जातं आणि संध्याकाळी स्लाइडवर पेडिअ‍ॅस्ट्रम, व्हॉल्वॉक्स, सिरॅशियम अशी ठसठशीत शैवालं जिवंत, आपापल्या रंगात दिसतात. नव्या मुलांना ओळख करून द्यायला याहून चांगलं काही नाही. बाटलीत आयोडीन पडलं की सगळं तपकिरी होतं. निळंहिरवं कोणतं नि हिरवं कोणतं, हे रंगावरून सांगायची सोय उरत नाही.

पण काम वर्षभराचं आहे, आणि माझं मन फिरलं ते जुलैत.

तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली येणारं पाणी पाहिलं असेलच. पूर्णेनं विदर्भातून आणलेली काळी माती त्यात असते. पहिली बादली जाळीतून जाते, दुसरी रेंगाळते, तिसरी काठावरून सांडायला लागते. कापड गाळानं लिंपलेलं असतं. बाहेरून पाणी मारा, हलवा, झटका, तात्पुरतं मोकळं होतं आणि पुन्हा तुंबतं. वहीत मात्र ठरल्याप्रमाणे ५० लिटर लिहिलं जातं. हिवाळ्यातले ५० खरोखर ५० असतात, पावसाळ्यातले किती असतात देव जाणे. पावसाळ्यात प्लवक घटतात हे बहुतेक नद्यांच्या बाबतीत खरं आहे: गढूळपणामुळे उजेड आत शिरत नाही, लोंढा पेशी वाहून नेतो, पाणी वाढल्यानं त्या विरळ होतात. पण माझ्या आलेखातली घट किती पुराची आणि किती तुंबलेल्या जाळीची, हे मला सांगता येईना. चूक एकाच दिशेची असती तरी निभावून नेलं असतं. पण तुंबलेली जाळी एरवी निसटणाऱ्या बारीक पेशीही अडवते, म्हणजे एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त. ऋतूंची तुलना करायची, आणि मोजायचं साधनच ऋतूप्रमाणे बदलायचं, हे मला काही पटलं नाही.

त्यात भोकांचा प्रश्न आहेच. नेहमीच्या जाळीची भोकं साठेक मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, अगदी बारीक घेतली तरी वीसची. क्लोरेला हे हिरवं शैवाल जेमतेम दोन ते दहा मायक्रॉनचं. सायक्लोटेला या दुसऱ्या शैवालाच्या बऱ्याच जाती अशाच निसटतात, लांबट निट्झिया सरळ आली तर आरपार जाते. ही तिन्ही नावं प्रदूषण सोसणाऱ्या शैवालांच्या पामर या शैवाल-अभ्यासकाच्या १९६९ च्या यादीत आहेत. गावाच्या सांडपाण्याखालचं ठिकाण निवडलं आणि जाळी वापरली, तर नेमके तेच साक्षीदार गळून पडतात आणि नदी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते.

बाटलीचेही ताप आहेत, नाही असं नाही. कोऱ्या चहाइतका फिकट रंग येईपर्यंत आयोडीन घालायचं आणि ४८ तास अंधारात धक्का न लावता ठेवायचं. नंतर वरचं पाणी नळीनं हळूच काढताना हात थरथरला की सगळं ढवळलं. नमुने बरेच दिवस ठेवले तर रंग उडतो, मधूनमधून पाहून थेंबभर वाढवावं लागतं. पावसाळ्यात तर गाळ पेशींवरच बसतो. मग कमी पाणी बसवायचं, ते पातळ करायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजणीच्या जास्त चौकटी पाहायच्या. डोळ्यांची वाट लागते, पण किती मिलिलिटरमध्ये शोधतोय हे ठाऊक असतं. माझ्यापुरतं तरी तेवढंच पुरेसं होतं.

उन्हाळा दोघांनाही छळतो. तापीला मिळणाऱ्या गिरणेच्या पात्रात डोह तेवढे उरतात, आणि अशा साचलेल्या, सांडपाणी मुरलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिस या निळ्याहिरव्या शैवालाची हिरवी साय धरली की जाळीला लगदा येतो आणि बाटलीत ती तळाशी बसायलाच तयार नसते, कारण तिच्या पेशींत हवेच्या पोकळ्या असतात. यावर उपाय साधा आहे. नमुना सिरिंजमध्ये घ्यायचा, तोंड बोटानं घट्ट दाबायचं आणि दट्ट्या जोरानं रेटायचा. दाबानं पोकळ्या फुटतात, मग ती निमूट खाली बसते.

ज्यांना फक्त कोणत्या जाती सापडतात याची यादी करायची आहे, किंवा प्राणी प्लवकही हवे आहेत, त्यांनी माझं फारसं मनावर घेऊ नये, त्यांना जाळीच बरी. मोठ्या पण विरळ जाती लिटरभर पाण्यात हमखास चुकतात, हेही मान्य. दर लिटरला किती, असा आकडा बारा महिने द्यायचा असेल तर मात्र मी बाटलीच घेईन. मार्गदर्शकांचा जाळीचा आग्रह असेल तर तीही फिरवा. तिचा नमुना वेगळ्या बाटलीत ठेवा, वर ‘फक्त ओळखीसाठी’ अशी चिठ्ठी लावा आणि मोजणीच्या तक्त्यात तो घेऊ नका.