पहिल्या नोकरीत मन लागत नाही? नोकरी डॉट कॉम कितपत कामाचं

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये पहिली नोकरी धरली, वर्ष-दीड वर्षात मन उडालं, की हात आपसूक नोकरी डॉट कॉमकडे जातो. १९९७पासून चालत आलेली ही साइट धडाधड अर्ज टाकण्यासाठी ठीकठाक आहे, पण बाजारात आपल्याला किती मागणी आहे हे जोखण्यासाठी उत्तम. राजीनाम्याचं पक्कं नसेल, तरी एवढ्यासाठी ती जरूर वापरावी.

सुरुवात सेटिंग्जपासून करा. ठरावीक कंपन्यांना प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे. तिथे आपल्या कंपनीचं नाव टाका आणि त्याच समूहातल्या इतर कंपन्यांचीही. तरी एक फट राहते. भरती एजन्सीला प्रोफाइल दिसू शकते आणि तीच एजन्सी तुमच्या एचआरसाठीही काम करत असू शकते.

हेडलाइनमध्ये ‘मेहनती, शिकण्याची आवड’ लिहून काही साधत नाही, कारण रिक्रूटर, म्हणजे भरती करणारे, कौशल्याचं नाव टाकून शोधतात. ‘जावा, स्प्रिंग बूट, दीड वर्ष अनुभव, नवी मुंबई’ असं नेमकं लिहा. आठवड्यातून एकदा लॉगिन करून एखादी ओळ सुधारत राहा. अलीकडे सक्रिय असलेलेच उमेदवार पाहण्याची सोय रिक्रूटरकडे असते.

खरी किंमत पुढे आहे. आपली प्रोफाइल रिक्रूटरच्या किती शोधांत आली, हे अ‍ॅप दाखवतं. महिनाभर तो आकडा आणि येणारे फोन, दोन्ही लिहून ठेवा. शोधांतच येत नसेल, तर तुमच्या कामातली कौशल्यं मागणीत नाहीत किंवा नीट लिहिलेली नाहीत. अशा वेळी कंपनी बदलण्यापेक्षा आहे तिथेच दुसरा प्रोजेक्ट मागणं शहाणपणाचं, कारण उडी मारली तरी तसंच काम पदरात पडतं. शोधांत येते पण फोन नाहीत, तर बहुधा तीन महिन्यांचा नोटीस पिरियड आड येतोय. तो कमी करून लिहू नका, ऑफरच्या वेळी पंचाईत होते. त्याऐवजी नेमणूकपत्र काढून वाचा: नोटीस पैसे भरून मिटवता येते का, आणि रक्कम बेसिकवर, म्हणजे मूळ पगारावर, धरतात की पूर्ण पगारावर. फोन येतात, पण कामाचं वर्णन ऐकूनच कंटाळा येत असेल, तर त्रास साहेबाचा किंवा कंपनीचा नाही, कामाच्या प्रकाराचा आहे. हे वेळीच कळलं तर वर्षं वाचतात. झोप उडाली असेल, सकाळी निघायचीच धास्ती वाटत असेल, तर मात्र आधी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते.

साइट कमी पडते ती पत्त्यात आणि पगारात. एकाच जाहिरातीत मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं लिहिलेलं असतं. ठाण्यातल्या कासारवडवलीहून ऐरोली आणि कासारवडवलीहून अंधेरी यांत रोजच्या जगण्याचा फरक आहे. म्हणून पहिल्याच फोनवर इमारतीचं नाव, शिफ्ट आणि रात्रीची कॅब विचारून घ्या.

पगाराचा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करत असलेल्या एकूण खर्चाचा असतो. समजा सहा लाख, बेसिक निम्मं आणि १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग. व्हेरिएबलचे ६०,०००, पूर्ण बेसिकवर कंपनीचा पीएफ ३६,००० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्क्यांनी १४,४३० आधीच बाजूला होतात. वर तुमचा पीएफ ३६,००० आणि व्यवसाय कर २,५००. महिन्याला ५०,००० वाटत होते, हातात साधारण ३७,६०० येतात. पीएफ तुमचाच आहे, पण घरभाडं त्यातून भरता येत नाही. आणि ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत सहसा पाच वर्षं सलग काढावी लागतात. जुनी आणि नवी नोकरी तोलायची ती याच हिशेबाने.

प्रोफाइल यादीत वरच्या जागी दाखवणाऱ्या पैशाच्या सेवा दोन वर्षांच्या आतल्या माणसाने घेऊ नयेत. नीट भरलेली फुकट प्रोफाइल पुरते. आणि मुलाखत, लॅपटॉप किंवा कागदपत्र तपासणीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले, तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार करा.