पंचवीस हजारांत टेकडीची सायकल: नवी साधी की जुनी भारी?

गेल्या दिवाळीत आतेभावाने विचारलं, "दादा, हातात २५,००० आहेत. वेताळ टेकडीवर सायकल चालवायची आहे. कोणती घेऊ?" त्याने तीन सायकली हेरून ठेवल्या होत्या. पहिली १२,००० रुपयांची, पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली, जाड टायरची, नवी कोरी. दुसरी २०,००० च्या आसपासची नवी ॲल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. तिसरी वापरलेली हार्डटेल, पाच वर्षं जुनी. नवी असताना ती ४५,००० ची होती, आता मालक २२,००० ला द्यायला तयार होता. दोन रविवार फिरून आम्ही तिन्ही पाहिल्या, चालवल्या, उलट्या करून तपासल्या.

सायकलीच्या आधी जमीन पाहावी. पुण्याच्या टेकड्यांवर मुरूम, सुटे दगड, गिरिपुष्पाची झुडपं आणि बाभळीचे काटे. लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी वाट मोठ्या दगडांची आणि पावसाळ्यात ओढ्यांची. अशा ठिकाणी जायचं असेल तरच पुढचं सस्पेन्शन आणि सव्वादोन इंची टायर कामाचे. तुमची नव्वद टक्के रपेट डांबरावरून खडकवासल्यापर्यंत असेल आणि कच्चा रस्ता शेवटचा दोन किलोमीटर, तर हायब्रिड, म्हणजे रस्ता आणि सोपी कच्ची वाट दोन्हीला चालणारी बारीक टायरची सायकल घ्या. स्वस्त सस्पेन्शन चढावर तुमच्या पायाची ताकद खातं, आणि त्याचं वजन रोज वाहावं लागतं ते वेगळंच.

बारा हजारांची दुहेरी स्प्रिंगवाली

दुकानात ती सगळ्यांत रुबाबदार दिसते, आणि म्हणूनच कॉलेजातली मुलं तिच्यापाशी थांबतात. पण मागचा स्प्रिंग म्हणजे नुसता स्प्रिंग. दणका बसल्यावर तो दबतो आणि तितक्याच जोराने उसळतो. ही उसळी आवरण्याची सोय, जिला डॅम्पिंग म्हणतात, या किमतीत नसते. त्यामुळे खडकाळ उतारावर मागचं चाक जमिनीला चिकटून राहण्याऐवजी उड्या मारतं. फ्रेम लोखंडी, वजन साधारण अठरा-वीस किलो. मागच्या सांध्यातले बुश दोन पावसाळ्यांत ढिले पडतात आणि सायकल चालताना शेपूट हलवल्यासारखी डोलते.

पैसे बाराच हजार असतील तर त्याच पैशांत बिनस्प्रिंगची, पुढचं चाक साध्या चिमट्यात बसवलेली सायकल घ्या. कुठल्याही तालुक्याच्या गावी तिचे सुटे भाग मिळतात, कुठलाही सायकलवाला ती दुरुस्त करतो आणि टेकडीवरच्या सोप्या वाटांवर ती नीट चालते. आतेभावाला मी हे सांगितलं तेव्हा तो हिरमुसला, पण पहिली सायकल तिथेच यादीतून गेली.

नवी हार्डटेल आणि जुनी हार्डटेल

खरा सामना या दोघींचा. ब्रँडचं नाव बाजूला ठेवून एकेक भाग शेजारी-शेजारी धरून पाहिला.

पहिलं पाहायचं मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा. स्वस्त सायकलीत गिअरच्या दात्या, म्हणजे दातेरी चकत्या, असतात त्या फ्रीव्हीलवर, म्हणजे आट्यांनी हबवर बसवलेल्या एका गोळ्यावर. यात उजव्या बाजूचं बेअरिंग फ्रेमपासून बरंच आत राहतं आणि तेवढा एक्सल आधाराविना उघडा पडतो. खड्ड्यातून किंवा पायरीवरून उतरताना तो वाकतो, कधी तुटतो. महागड्या सायकलीत कॅसेट असते, म्हणजे दात्यांचा संच हबवरच सरकवून बसवलेला असतो, आणि बेअरिंग कडेला, फ्रेमजवळ येतं. दुकानात ओळखायचं कसं? चाक हाताने धरून दात्या उलट्या फिरवा. मधला, पाना बसायचा खाचांचा भाग दात्यांबरोबर फिरला तर कॅसेट, जागेवर राहिला तर फ्रीव्हील. मागे सात दात्या असतील तर बहुतेक वेळा फ्रीव्हीलच निघतं. आमच्या नव्या सायकलीत सातच्या दात्यांचं फ्रीव्हील होतं, जुनीत नऊची कॅसेट. वजनदार माणसासाठी, किंवा ज्याला उड्या मारायच्या आहेत त्याच्यासाठी, हा एक मुद्दा निर्णय करायला पुरेसा आहे.

गिअरबद्दल दुकानदार एकूण आकडा सांगतात, एकवीस, चोवीस, सत्तावीस. त्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. पुढची सगळ्यांत लहान आणि मागची सगळ्यांत मोठी दाती यांचं प्रमाण पाहा. चढ तुम्ही त्याच्यावर चढणार आहात. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या उतरंडीत टूर्नी तळाला, मग अल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओर. टूर्नीही नीट लावलेलं असेल तर बरं चालतं. फरक पडतो तो खडबडीत उतारावर चेन आपटण्यात आणि स्प्रिंगची ताकद किती वर्षं टिकते यात.

ब्रेकवर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवला. नव्या सायकलीला केबलचे डिस्क ब्रेक, जुनीला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे. लांब उतारावर हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने लागतो, हाताला कळ लागत नाही, आणि पॅड झिजले की ती झीज तो आपोआप भरून काढतो. केबलच्या ब्रेकला दर काही आठवड्यांनी हाताने ताण द्यावा लागतो. पण केबल तुटली तर ती कुठेही मिळते, आणि बदलायला दहा मिनिटं पुरतात. हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली तर ब्लीड करावं लागतं, म्हणजे हवा काढून तेल भरावं लागतं. त्यासाठी सिरिंज, योग्य तेल आणि पहिल्या वेळी शेजारी कोणीतरी जाणकार हवा. शिमानो आणि टेक्ट्रो या कंपन्यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. त्यांत गाड्यांचं डॉट ब्रेक ऑइल घातलं तर आतले रबरी सील फुगून खराब होतात. पुणे, नाशिक, मुंबईत राहणाऱ्याला मी हायड्रॉलिक सांगेन. सिंधुदुर्गात किंवा गोव्याच्या आतल्या भागात राहणाऱ्याला, जिथे जवळचं मोठं सायकल दुकान तास-दीड तासावर आहे, केबलचा चांगला डिस्क ब्रेक.

समुद्राकाठच्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. स्वस्त फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनवाल्या चिमट्याच्या, आतल्या नळ्या लोखंडी असतात. खारट हवेत त्यांच्यावरचा मुलामा टिपक्या-टिपक्यांनी गंजतो आणि मग तो खरखरीत भाग सील कापतो. रत्नागिरीत वापरलेली सायकल विकत घेताना फोर्कच्या नळीवरून नख फिरवून पाहा.

फोर्कच्या बाबतीत आमच्या दोन्ही सायकलींत १०० मिलिमीटरची हालचाल होती, म्हणजे कागदावर बरोबरी. पण नव्यात नुसता स्प्रिंग होता, जुनीत हवेचा फोर्क आणि उसळी आवरणारा डॅम्पर. हवेच्या फोर्कमध्ये आपल्या वजनाप्रमाणे पंपाने हवा भरता येते. पंचावन्न किलोच्या माणसाला हा फरक फार जाणवतो, कारण कारखान्यातून आलेला घट्ट स्प्रिंग त्याच्याखाली दबतच नाही.

नवीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. फ्रेमची वॉरंटी, पावती, पहिली सर्व्हिस, कोरी चेन, कोरे पॅड, आणि मुख्य म्हणजे आपल्या मापाची सायकल निवडता येते. जुन्या बाजारात माप मिळेल ते घ्यायचा मोह होतो. तो टाळा. टॉप ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या वरच्या नळीच्या, दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर जांघेखाली दोन-तीन इंच मोकळी जागा उरलीच पाहिजे. नाहीतर उतारावर घाईने पाय टेकायची वेळ आली तर दुखापत ठरलेली.

जुनी तपासताना

बरोबर स्टीलची फूटपट्टी नेली होती. चेनची एक पूर्ण कडी (आतली आणि बाहेरची मिळून) बरोबर एक इंच असते, म्हणून बारा कड्या बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर धरायचं आणि बाराव्या इंचापाशी पाहायचं. पिन एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश पुढे गेली तर चेनने कॅसेटही खाल्ली, दोन्ही बदलावं लागणार. आमची एक अष्टमांशाला टेकली होती. मालकाला पट्टी दाखवली, भांडण न करता किंमत १९,५०० वर आली.

याशिवाय पाहायचं ते: हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या फ्रेमच्या नळीच्या, खाली आणि पेडलच्या जागी वेल्डिंगला केसाएवढी चीर आहे का, सीटपोस्ट (सीटचा दांडा) हलतो का, की ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये गंजून रुतला आहे, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे केली तर फोर्कमध्ये खटखट होते का, हायड्रॉलिक लिव्हर मिनिटभर दाबून धरला तर तो हळूहळू हँडलकडे सरकतो का. बॉटम ब्रॅकेटखाली, म्हणजे पेडलचा एक्सल बसतो त्या नळीखाली, फ्रेम नंबर कोरलेला असतो. तो मूळ पावतीशी जुळत नसेल, किंवा पावतीच नसेल, तर कितीही स्वस्त मिळो, परत फिरा. चोरीची सायकल विकत घेणं म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी सकाळची रपेट विकत घेणं.

शेवटी निवड कशावर झाली? आतेभाऊ पाना हातात घ्यायला तयार होता, यावर. तो तयार नसता तर मी त्याला वीस हजारांची नवीच घ्यायला लावली असती. जुनी भारी सायकल त्यालाच स्वस्त पडते जो ती घरी उघडतो. दर वेळी दुकानात नेणाऱ्याला ती वर्षभरात नवीपेक्षा महाग पडते.

घरी काय, दुकानात काय

लागणारी हत्यारं थोडी: एलन कीचा संच (४, ५ आणि ६ मिलिमीटर सगळ्यांत जास्त लागतात), चेन तोडायचं हत्यार, टायर काढायच्या दोन प्लास्टिकच्या टॉम्या, पॅच आणि सोल्युशन, हातपंप, १५ मिलिमीटरचा पाना. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, हे पाना लावण्याआधी आठवा. ट्यूब घेताना मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची घेतली तर गावातल्या पंक्चरच्या दुकानातही हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला तिथे वेगळा नोझल लागतो.

पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोटं फिरवल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. बाभळीच्या काट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच भोक पडतं.

चेनला इंजिन ऑइल लावायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ते चिकट राहतं, मुरूम धरतं आणि त्याची घासणारी पेस्ट होते. डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने चेन पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या, मग सायकलच्या चेनचं तेल एकेका रोलरवर एकेक थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं पुसून काढा. तेल आत हवं, बाहेर नको. हे करताना डिस्कवर एक थेंबही उडता कामा नये; तेल प्यायलेले पॅड पुन्हा धड धरत नाहीत. पावसाळ्यात चिखलाची सायकल धुताना सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली धरू नका, पाणी बेअरिंगमध्ये घुसतं. मग्याने पाणी ओता, जुना टूथब्रश घ्या.

हबचं ग्रीस बदलणं लोकांना अवघड वाटतं, पण या खेळाची, म्हणजे माउंटन बायकिंगची, सुरुवातच तिथून आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत ज्या उतारावर शर्यती सुरू झाल्या त्याचं नाव 'रिपॅक' पडलं, कारण कोस्टर ब्रेकमधलं (पेडल उलटं दाबून लागणारा, हबमधला ब्रेक) ग्रीस खाली येईपर्यंत जळून जायचं आणि हब उघडून नव्याने भरावं लागायचं. जो ब्रीझ, गॅरी फिशर ही तिथली सायकलस्वार मंडळी त्या वेळी कित्येक दशकं जुन्या श्विन सायकली स्वस्तात मिळवून चालवत होती. आपल्या साध्या कप-कोनच्या (सुटे छर्रे कप आणि कोन यांच्यामध्ये फिरतात अशा) हबमध्ये मागे सहसा दोन्ही बाजूंना नऊ-नऊ पाव इंची छर्रे असतात, पुढे दहा-दहा, तीन सोळांश इंची. उघडताना खाली जुनी चादर अंथरा, छर्रे मोजून वाटीत ठेवा. डाग पडलेले सगळे बदला, त्यांची किंमत किरकोळ असते. कोन आवळताना चाक मोकळं फिरावं आणि कडेला हलू नये, हे दोन्ही साधायला पहिल्या वेळी तासभर जातो. दुसऱ्या वेळी पंधरा मिनिटं.

चाकाचा मोठा आउट (वाकडेपणा) काढणं, फोर्क पूर्ण उघडणं, हेडसेटचे (हँडलच्या बेअरिंगचे) कप बसवणं यांसाठी मात्र दुकानात जा. तिथे अनुभवी हाताला पैसे देणं योग्यच आहे.

आतेभावाचा हिशेब असा झाला: सायकल १९,५००, चेन आणि नऊच्या दात्यांची कॅसेट मिळून सुमारे २,५००, उरलेल्यात नवं हेल्मेट, हातपंप, पॅच आणि एलन की. चेन तोडायचं हत्यार आणि कॅसेटचे पाने त्याने माझेच वापरले. हेल्मेट वापरलेलं घ्यायचं नाही, आतला फोम एकदा दबला की बाहेरून कळत नाही. डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्याला लटकतो तो भाग, अजून मागवायचा आहे. हा लहानसा ॲल्युमिनियमचा तुकडा सायकल पडली की मुद्दाम वाकतो, फ्रेम वाचवतो. प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा असल्याने ऐन वेळी तो मिळत नाही. तो आला की फोर्कचे सील बदलून घ्यायचे, पहिल्या पावसाच्या आत.