एचटीएमएक्स: दूध संकलनाच्या खिडकीवर आठ महिने

एका सहकारी दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर आधी मी मागे सर्व्हरवर जँगो (पायथनमधली वेब चौकट), पुढे ब्राउझरमध्ये रिॲक्ट (पडदा उभा करणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) असं लिहिलं होतं. आठ महिन्यांपूर्वी त्यातलं रिॲक्ट पूर्ण काढलं आणि एचटीएमएक्स ही जावास्क्रिप्ट लायब्ररी घेतली. रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर दूध उतरतंय, म्हणून हा अनुभव.

कार्सन ग्रॉस यांनी २०१३ मध्ये इंटरकूलर नावाची लायब्ररी केली होती, तिचाच हा पुढचा अवतार. १.० आवृत्ती २०२० ची. मी वापरतो ती २.०, २०२४ ची. साध्या एचटीएमएलमध्ये सर्व्हरला हाक मारता येते ती फक्त लिंकला आणि फॉर्मला, आणि उत्तर आलं की अख्खं पान बदलतं. एचटीएमएक्समुळे कुठल्याही टॅगला हाक मारता येते आणि पानाचा हवा तेवढाच तुकडा बदलतो. सर्व्हरकडून जेसन, म्हणजे नुसता कच्चा डेटा, येत नाही, तयार एचटीएमएल येतं.

माझा खरा फायदा पैशांच्या हिशेबात झाला. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांच्या तक्त्यावरून ठरतो. पूर्वी ते गणित दोन ठिकाणी होतं: पडद्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये, पावतीसाठी पायथनमध्ये. पायथनचं राउंड २.५ चे २ करतं, जावास्क्रिप्टचं मॅथ.राउंड ३ करतं. पडद्यावर एक रक्कम आणि पावतीवर एक रुपया कमी, असं घडलं की किटली घेऊन उभा असलेला सभासद विचारणारच, आणि त्याने विचारायलाच हवं. आता फॅटचा आकडा टाकला की सर्व्हर रक्कम काढतो आणि तोच आकडा पडद्यावरही येतो, पावतीवरही. गणित एकच. एवढ्यासाठीसुद्धा मी हा बदल पुन्हा करीन.

त्रास झालाच नाही असं नाही. फॉर्ममध्ये चूक असेल तर माझा सर्व्हर ४२२ (भरलेली माहिती चुकीची आहे असं सांगणारा कोड) पाठवतो, आणि एचटीएमएक्स मुळात ४०० आणि ५०० च्या घरातली उत्तरं पानावर लावतच नाही. लिपिक बटण दाबतोय आणि पडद्यावर काहीच हलत नाही. रिस्पॉन्स हँडलिंगच्या सेटिंगमध्ये ४२२ ला परवानगी दिली तेव्हा चूक सांगणारे संदेश दिसू लागले. दुसरा त्रास याहून छळणारा होता. एकाच पत्त्यावरून मी कधी पूर्ण पान, कधी नुसता तुकडा देत होतो. ब्राउझरने तुकडाच साठवून ठेवला, आणि मागे जायचं बटण दाबलं की रंगरूप नसलेला उघडा तक्ता समोर. उत्तर कशानुसार बदलतं हे ब्राउझरला सांगणाऱ्या व्हेरी हेडरमध्ये एचएक्स-रिक्वेस्ट लिहिलं की हे थांबतं, पण ते सापडेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या.

आणि नेटवर्क. पावसात गावात रेंज जाते, आणि सर्व्हरशिवाय एचटीएमएक्स काहीच करू शकत नाही. म्हणून सर्व्हरच केंद्रातल्या संगणकावर बसवला, रात्री तो मुख्य कार्यालयाशी नोंदी जुळवून घेतो. हे शक्य नसेल, मोबाइलवर नेटशिवाय नोंद करायची असेल, तर एचटीएमएक्स घेऊ नका असंच मी सांगेन.

या निमित्ताने रॉय फील्डिंग यांच्या २००० सालच्या प्रबंधातलं रेस्टवरचं, म्हणजे वेबच्या रचनेच्या नियमांवरचं, प्रकरण नीट वाचलं. इतकी वर्षं ज्याला रेस्ट म्हणत होतो त्यातला एक मोठा भाग मी सोडूनच दिला होता: पुढे काय करता येईल हे उत्तरातच आलं पाहिजे. आता दहा दिवसांचं बिल मंजूर झालं की सर्व्हर जे एचटीएमएल पाठवतो त्यात ‘दुरुस्ती’चं बटणच नसतं. रिॲक्टमध्ये बिलाची स्थिती तपासून ते बटण लपवायला वेगळा कोड होता, आणि नियम बदलला की दोन्हीकडे बदलावा लागायचा. सचिवांनी गेल्या महिन्यात मंजुरीनंतर एक दिवस दुरुस्तीची मुभा मागितली, तेव्हा टेम्प्लेटमधली एक अट बदलली आणि संध्याकाळच्या संकलनाआधी ते चालू झालं.