वाहू किकर कोअर, तिसरा मजला आणि आईंचा तांब्या: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि माझी पहाटेची सायकल त्याच दिवशी बंद झाली. मिस्टर पहिल्या पाळीला सहाच्या आत घराबाहेर पडतात, मुलगा शिकायला पुण्यात. आईंना एकटं ठेवून गंगापूर धरणापर्यंत जाऊन येणं शक्यच नव्हतं. जानेवारीत 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, करायची हे मात्र मनात पक्कं होतं. साडेतेरा तासांत ती संपवायची असते. चार-पाच महिने पाय मोकळे ठेवून ते होत नाही. 2015 साली आपल्या नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा मी पहिल्यांदा रोड बाईक हा शब्द ऐकला आणि पुढे चाळिशीत सायकल घेतली. ती अशी सोडवत नव्हती.

म्हणून घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येते अशा यंत्रावर, चालवायचं ठरवलं. हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे माझी निवड वॅट, ॲप वगैरेंवरून झालीच नाही. सायकल चालवताना आतल्या खोलीतून आईंची हाक मला ऐकू आली पाहिजे, एवढी एकच अट होती.

पहिली खरेदी चुकली. साडेनऊ हजारांचा साधा मॅग्नेटिक ट्रेनर ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारातले बहुतेक ट्रेनर सारखेच असतात. सायकलचं मागचं चाक एका लोखंडी रोलरवर दाबून बसवायचं, हँडलवरच्या खटक्याने जड-हलकं करायचं. बसवायला पाच मिनिटं पुरतात. मागची बाजू थोडी उचलली जाते, म्हणून पुढच्या चाकाखाली काहीतरी ठेवावं लागतं. मी देवघरातला पाट घातला होता.

चौथ्या दिवशीची गोष्ट. मी जोरात मारत होते, टायर रोलरवर घुमत होता. मिक्सर चालू असताना शेजारच्याचं बोलणं कळत नाही, अगदी तसं. बारा-पंधरा मिनिटांनी थांबले तेव्हा आतून चमचा तांब्यावर आपटल्याचा आवाज आला. आई केव्हापासून बोलवत होत्या. पाणी हवं होतं, तांब्या रिकामा होता. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तू खाली गेलीस." मला फार लागलं ते. सायकल उतरवली तर पांढऱ्या फरशीवर टायरच्या काळ्या भुकटीचा पट्टा पडला होता, बोट फिरवलं की काजळासारखा लागत होता. त्यातच दुसऱ्या मजल्यावरच्या आजी संध्याकाळी भेटल्या आणि हळूच विचारलं, "पहाटे पिठाची गिरणी लावता का गं?" ट्रेनर परत घ्यायला विक्रेत्याने नकार दिला, वापरलेला आहे म्हणून.

चाकावर चालणारे ट्रेनर वाईटच असतात असं नाही. तळमजल्यावर किंवा बंगल्यात राहत असाल आणि आठवड्यातून दोनदा घाम काढायचा असेल तर चालून जातील. पण टायर झिजतो, हवा कमी-जास्त झाली की रोलरवर घसरतो, आणि आवाजावर इलाज नाही. खास ट्रेनरसाठीचा टायर घेतला तरी आवाज थोडाच कमी होतो.

स्पिन बाईकचाही, म्हणजे जिममध्ये असते त्या जागेवरच्या सायकलचाही, विचार केला होता. घरात दोघं-तिघं चालवणार असतील तर मी आजही तीच घ्या म्हणेन, कारण सीट आणि हँडल प्रत्येकाला वरखाली करता येतं. फक्त फेल्टची पट्टी चाकाला घासते तसली घेऊ नका, चुंबकाची घ्या. तिचा आवाज कमी आणि पट्टी बदलायची कटकट नाही. मला माझ्याच सायकलवर, माझ्याच सीटवर बसायचं होतं. तेरा तास ज्या बैठकीत काढायचे, सवय तिचीच व्हायला हवी.

मग डायरेक्ट ड्राइव्ह. यात मागचं चाक काढूनच टाकायचं आणि चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवायची. टायरच नाही, त्यामुळे घासणं नाही. वाहू किकर कोअर घेतला, पहिली आवृत्ती, मला साधारण 65 हजारांना पडला. रक्कम मोठी आहे हे मी जाणून आहे. दोन दिवाळ्यांचा बोनस त्यात गेला. 5.4 किलोचं फ्लायव्हील (आतलं जड फिरतं चाक), 16 टक्क्यांपर्यंत चढाची नक्कल, 1800 वॅटपर्यंत ताकद, मोजमापात फरक अधिक-उणे 2 टक्के. 1800 वॅट माझ्या सात पिढ्यांत कुणी मारणार नाही. माझ्या कामाच्या गोष्टी दोनच: आत पट्टा असल्यामुळे यंत्र जवळजवळ मुकं आहे, आणि फ्लायव्हीलमुळे पायडल झटके न देता रस्त्यासारखं फिरतं. ऐकू येतो तो चेनचा आवाज. चेन पुसून तेल घातलेली असेल तर तोही दाराबाहेर जात नाही.

बसवताना एक गोष्ट नीट बघा. माझ्या ट्रेनरसोबत कॅसेट आली नव्हती, ती वेगळी घ्यावी लागली. माझ्या सायकलला शिमानो सोरा गिअर, मागे 9. ट्रेनरचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर चढते तो भाग, 11 गिअरच्या मापाचा, म्हणजे किंचित लांब. 8, 9 किंवा 10 ची कॅसेट त्यावर चढवताना आधी 1.8 मिलिमीटरची एक पातळ रिंग घालावी लागते. ती रिंग पुठ्ठ्याच्या खोक्यात छोट्या पिशवीत होती आणि मी ती वॉशर समजून बाजूला ठेवली. कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग पूर्ण आवळली तरी कॅसेट बोटांनी डुगडुगत होती, गिअर टाकला की खडखड. आमच्या सायकलवाल्या दादांना व्हिडिओ कॉल लावला. ते दोन सेकंद बघून म्हणाले, "ताई, मागची रिंग राहिली. काढा, घाला, परत आवळा." लॉकरिंगला 40 न्यूटन मीटर आवळ लागतो, साध्या पान्याने नाही, तिचं दातेरी हत्यार वेगळं मिळतं. कॅसेट चढवताना जोर लावायचा नाही. फ्रीहबवरच्या खाचांत एक खाच वेगळ्या रुंदीची आहे, ती जुळली की कॅसेट आपसूक सरकते. एकदा बसली की वर्षभर हात लावायला नको. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर चाक काढल्यावर ब्रेकची मूठ चुकूनही दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटून बसतात. मध्ये प्लास्टिकची चकती किंवा जाड पुठ्ठ्याची घडी अडकवून ठेवा.

ट्रेनर 18 किलोंचा आहे. रोज काढ-घाल करण्याचा बेत असेल तर सोडून द्या, दोन आठवड्यांत कंटाळा येईल. मी त्याला आईंच्या खोलीसमोरच्या पॅसेजमध्ये कायमची जागा दिली.

आवाज गेला तरी हादरे राहतात. पायडलची लय फरशीतून खाली उतरते, आणि खालच्या आजींचा पलंग नेमका माझ्या पॅसेजखाली. त्याला उपाय असा केला: तळाला लहान मुलांच्या खोलीत टाकतात त्या फोमच्या जोडायच्या लाद्या, त्यावर 18 मिलिमीटरचं प्लायवूड, त्यावर जिमची रबरी चटई. फोम हादरा गिळतो, प्लायवूड वजन पसरवतं आणि ट्रेनर डुलत नाही. नुसत्या फोमवर ठेवलं तर पाय रुततात. मग पहाटे पाच वाजता मिस्टरांना सायकलवर बसवलं आणि स्वतः खाली जाऊन आजींच्या पलंगाशी उभी राहिले. (आजी जाग्याच असतात त्या वेळी, जपमाळ चालू असते.) कान देऊन ऐकल्यावर अगदी बारीक घुमघुम येत होती. आजी म्हणाल्या, "हे तर मला आवडेल गं, कुणीतरी वर आहे असं वाटतं." तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला.

आता पंख्याबद्दल, कारण इथेच बहुतेक जण हात आखडता घेतात. पायडलवर 150 वॅट जातात तेव्हा शरीर त्याच्या तिप्पट ते चौपट उष्णता बाहेर टाकत असतं, म्हणजे 450 ते 600 वॅट. बादलीत टाकायचा 1000 वॅटचा रॉड घरोघरी असतो. त्याच्या अर्धी आच आपल्या अंगात पेटलेली असते. रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरचा वारा ती ओढून नेतो, घरात ती कातडीवर बसून राहते. छताचा पंखा याला अजिबात पुरत नाही. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांत डोकं भणभणायचं आणि मला वाटायचं दम कमी पडतोय. मेनरोडवरून फर्राटा पंखा आणला, 2,800 रुपयांचा, समोर चार हातांवर ठेवून छातीवर रोखला. त्याच पायांनी पहिल्याच दिवशी पन्नास मिनिटं झाली. पैसे मोजकेच असतील तर ट्रेनर एक पायरी खालचा घ्या, पंखा चांगला घ्या. पंख्याचा आवाज ट्रेनरपेक्षा जास्त असतो एवढं मात्र धरून चाला. मी तो दोनवर ठेवते, तीनवर केला तर तांब्या ऐकू येत नाही.

घामाचंही तसंच. बाहेर तो वाऱ्यावर उडतो, घरात तो हँडलवरून सरळ खाली ओघळतो. दोन महिन्यांनी हँडलची पट्टी सोडवली तर आत अॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरली होती, मिठागरात दगडांवर धरते तशी, आणि स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाच्या) दोन स्क्रूंची डोकी तांबारली होती. तेव्हापासून हँडलपासून सीटपर्यंत जुना पंचा ताणून बांधते, आणि संपल्यावर ओल्या फडक्याने स्क्रू पुसते. पंचा टॉवेलपेक्षा बरा, भराभर वाळतो.

लाइट गेली की ट्रेनरचं जड-हलकं करणं थांबतं, कारण आत विद्युतचुंबक आहे. आमच्या भागात पावसाळ्यात हे होतंच, म्हणून प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. दर पंधरा दिवसांनी ट्रेनर दहा मिनिटं चालवून गरम करते आणि ॲपमधून स्पिनडाउन, म्हणजे मोजमाप जुळवून घेणं, करते. आकडे भरकटत नाहीत.

ट्रेनरला जोडून पडद्यावर रस्ता दाखवणारी ॲप दोन वापरली. मायवूश फुकट आहे, सुरुवात तिथून करावी. झ्विफ्टला महिन्याला 20 डॉलरच्या आसपास पडतात, ते मी फक्त पावसाळ्याचे तीन महिने भरले. त्यात फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या घाटावर बेतलेला एक रस्ता आहे: 21 वळणं, बारा किलोमीटर आणि थोडा, हजार मीटरहून अधिक चढ. चढ वाढला की ट्रेनर स्वतःहून जड होतो. ठरावीक वॅट धरून ठेवणारा अर्ग मोड व्यायामासाठी उत्तम, पण पाय थकून फिरणं मंदावलं की तो आणखी जड होतो आणि पाय पुरता अडकतो. तसं होऊ लागलं की क्षणभर सोडून द्यावं, हलक्याने पुन्हा फिरवायला लागावं. पहाटे मी चेन पुढच्या छोट्या दातेरी चकतीवर ठेवते. फ्लायव्हील सावकाश फिरतं, आवाज आणखी उतरतो. ट्रेनरवर सायकल खाली डुलत नाही, म्हणून बसून बसून दुखतं. दर दहा मिनिटांनी वीस-तीस पायडल उभं राहून मारावीत.

जानेवारीतली 200 झाली, 11 तास 40 मिनिटांत. त्या दिवशी मिस्टरांनी सुट्टी घेतली होती.

आई आता वॉकर धरून पॅसेजपर्यंत येतात. खुर्चीवर बसून टीव्हीवरचा माझा घाट बघतात, मधेच विचारतात, "कितवं वळण गं?" मी श्वास सापडेल तसा आकडा सांगते. तांब्या-चमचा अजून उशाशीच असतो.