1911 पिस्तुलासाठी आखूड गाइड रॉडचा संच: पान्यापासून सुटका, पण बुशिंग आधी बघा

1911 धर्तीच्या, म्हणजे जॉन ब्राउनिंगच्या रचनेवर बेतलेल्या, बऱ्याच नव्या पिस्तुलांत पूर्ण लांबीचा गाइड रॉड (स्प्रिंगच्या आतून जाणारी दांडी) कारखान्यातूनच बसवलेला येतो. दिसायला झकास, उघडायला डोकेदुखी. रॉड दोन तुकड्यांचा असेल तर आधी ॲलन की लावून पुढचा तुकडा सोडवायचा. हाच तुकडा गोळ्या झाडता झाडता आपोआप ढिलाही होतो. रॉड एकसंध असेल तर त्याचं टोक प्लगच्या (स्प्रिंगच्या पुढच्या टोकावरच्या टोपीच्या) भोकात येऊन बसतं, अंगठा टेकवायला जागा उरत नाही आणि बुशिंगचा, म्हणजे नळीच्या तोंडाशी प्लग अडवून धरणाऱ्या कड्याचा, पाना शोधावा लागतो.

आखूड रॉड आणि बंद तोंडाचा प्लग, एवढ्या दोन वस्तूंचा हा संच म्हणजे ब्राउनिंगच्या मूळ रचनेकडे परत जाणं. अंगठ्याने प्लग आत दाबायचा, बुशिंग पाव वळसा फिरवायचं, प्लग स्प्रिंगसकट बाहेर. गोव्यात याचं मोल जास्त वाटतं. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते, किनाऱ्याजवळच्या घरात खारा वारा बाराही महिने असतो. पिस्तूल पुसायला दर वेळी पाना काढावा लागला, की पुसणं पुढच्या रविवारवर जातं. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा केलं असेल, तर परत मिळाल्याच्या दिवशीच ते उघडून बघायला हवं. तेव्हाही हेच सोपं पडतं.

संच घेताना स्टेनलेसचाच घ्या. काळ्या मुलाम्याच्या साध्या पोलादाचा प्लग तोंडाशीच असल्याने घामाचा अंगठा लागला की तिथूनच तांबूस पडायला लागतो. लांबी नीट सांगा: 5 इंची नळीचा प्लग वेगळा, सव्वाचार इंचीचा आखूड. लांब प्लग आखूड पिस्तुलात घातला तर स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मागे जात नाही. स्प्रिंग बहुधा जुनीच चालते. नवी घ्यायची तर .45 च्या 5 इंची पिस्तुलाला 16 पौंडांची नेहमीची, 9 एमएमला त्याहून हलकी. जड घातली की दणका कमी होतो असं सांगणारे भेटतील. स्लाइड पुढे जास्त जोरात आपटते आणि हलक्या काडतुसांवर अडखळते, हे ते सांगत नाहीत.

शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. म्हणून संच परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या आणि पहिल्यांदा त्याच्याच कारागिराकडून बसवून घ्या. कुरिअरने मागवायच्या फंदात पडू नका.

बसवताना काय बघायचं? आधी मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्यांनी आणि करंगळीने तपासलेलं. डोळ्यांवर चष्मा. प्लगच्या समोर चेहरा नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर प्लग थेट छताला लागतो आणि मग फ्रिजखाली सापडतो. स्प्रिंगचं एक टोक जरा आवळ असतं, ते रॉडवर चढवायचं. चांगल्या प्लगला आतून एक छोटासा दाबलेला ओठ असतो. स्प्रिंगचं मोकळं टोक फिरवत त्यात अडकवलं की प्लग उडत नाही. स्वस्त संचात हा ओठच नसतो, तेव्हा घेण्याआधी प्लग उजेडात धरून आत डोकावा.

रॉडच्या डोक्याला एका बाजूने अर्धगोल खाच असते. ती नळीकडे हवी. उलटी बसली तर स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडकवणारी बाजूची खिटी) आत जायला तयार होत नाही, माणूस जोर लावतो, आणि फ्रेमच्या डाव्या बाजूला तो प्रसिद्ध कमानदार ओरखडा उमटतो. जोर लागतोय म्हणजे काहीतरी चुकलंय, एवढं धरून चाला. झाल्यावर रिकामी स्लाइड वीसेक वेळा मागेपुढे करा. कुठे खरखर लागली, किंवा मागे ओढलेली स्लाइड रिकाम्या मॅगझिनवर अडकली नाही, तर परत उघडा. नंतर डमी काडतुसं, आणि मगच रेंज.

तक्रार एकच, पण मोठी. नेमबाजीसाठी घट्ट बसवलेलं बुशिंग असेल तर ते बोटांनी फिरतच नाही, पाना लागतोच. अशांनी या संचावर पैसे घालवू नयेत. बुशिंग घासून सैल करायचा सल्लाही ऐकू नका, नेमकेपणा तिथेच जातो. तोंडाकडचं थोडं वजन कमी होतं हेही खरं. जलद नेमबाजी करणाऱ्याला ते जाणवेल, बाकीच्यांना नाही. लांब रॉडने पिस्तूल जास्त नेमकं चालतं, हा दावा मात्र कागदावरच्या छिद्रांत सहसा दिसत नाही.

आणि तेल. घरात खोबरेल असतं म्हणून ते स्प्रिंगला चोळणारे कमी नाहीत. डिसेंबरच्या पहाटे तेच घट्ट होतं, पुढे चिकट थर धरतं आणि त्यात धूळ रुतते. बंदुकीचं पातळ तेल दोन थेंब, वेटोळ्यांवर बोटाने पसरवायचं, जास्तीचं फडक्याने टिपायचं. पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. कोरड्या कापडात, शेजारी सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात ती पुडी दर पंधरवड्याला बदला.