आरशातला गिटारशिक्षक आणि ९९ रुपयांचा फास

फिंगरस्टाईल गिटार ऑनलाइन शिकवण्याच्या नावाखाली कोल्हापूर परिसरातील आम्हां काही हौशी वादकांची जी फसवणूक झाली, तिची पद्धत येथे सविस्तर मांडत आहे, म्हणजे तशीच जाहिरात समोर आलेल्यांना ती पैसे भरण्यापूर्वी ओळखता येईल.

कोल्हापुरात गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे आणि अल्लादियाखाँसाहेबांसारख्या गवयाला येथील दरबाराने आश्रय दिला होता; त्यामुळे गाण्यासाठी किंवा तबल्यासाठी गुरू शोधताना या शहरात फारशी पायपीट करावी लागत नाही. गिटारीचे वर्गही आहेत, परंतु मी पाहिलेल्या वर्गांत कॉर्ड धरून ताल देण्यावरच भर होता. फिंगरस्टाईलमध्ये अंगठ्याने जाड तारांवर बेस चालू ठेवायचा आणि त्याच वेळी तर्जनी, मध्यमा व अनामिका यांनी बारीक तारांवर गाण्याची चाल उमटवायची असते. हे शिकवणारे कोणी जवळपास मिळाले नाही, की माणूस साहजिकच मोबाइलकडे वळतो, आणि जाहिरात देणाऱ्यांनी नेमकी हीच अडचण हेरली होती. ‘३० दिवसांत २५ मराठी गाणी, फक्त ९९ रुपयांत’ असा मजकूर होता आणि त्याखाली सवलत संपायला उरलेली मिनिटे मोजणारे घड्याळ होते. पान बंद करून पुन्हा उघडले की ते घड्याळ पहिल्यापासून सुरू होत असे. अशी खोटी घाई निर्माण करणे हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित प्रकार ठरतो.

९९ रुपये भरताना यूपीआयवर आलेली विनंती केवळ ९९ रुपयांची नव्हती, तर ती ऑटोपेची, म्हणजे दरमहा आपोआप रक्कम वळती करून घेण्याची परवानगी होती. कमाल मर्यादा ४,९९९ रुपये, वारंवारिता मासिक आणि अखेरची तारीख कित्येक वर्षांनंतरची, हा सर्व तपशील ९९ च्या ठळक आकड्याखाली बारीक अक्षरांत दिलेला होता. अशा परवानगीला पिन एकदाच द्यावा लागतो. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्यांना तो पुन्हा विचारला जात नाही. रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना देणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे आणि ती सूचना मला आलीही होती, मात्र दिवसभरातल्या जाहिरातींच्या संदेशांच्या गर्दीत ती आली. पैसे घेणाऱ्याचे नाव संगीताशी काडीचाही संबंध नसलेल्या कुठल्याशा ट्रेडर्सचे होते.

आता प्रत्यक्ष धड्यांविषयी. पहिल्या व्हिडिओतील शिक्षक डावखुरा दिसत होता, आणि डावखुरे गिटारवादक असतातच, त्यामुळे त्यात वावगे असे काही वाटले नाही. तथापि त्याच्या शर्टाचा खिसाही उजव्या छातीवर होता, आणि गिटारीच्या माथ्यावरील अक्षरे मुद्दाम धूसर केलेली असली तरी एका क्षणी ती उलटी उमटलेली स्पष्ट दिसली. परदेशी शिक्षकांनी इंटरनेटवर मोफत ठेवलेले धडे आरशातल्यासारखे उलटे करून, त्यांवर यंत्राच्या आवाजातील मराठी निवेदन चढवून ते आम्हांला विकले जात होते. चोरलेले चित्रण स्वयंचलित तपासणीत सापडू नये म्हणून ते असे उलटवतात, आणि त्याच कारणासाठी आवाजाची पट्टीही किंचित चढवतात. माझी गिटार ट्यूनरवर बरोबर लागलेली असूनही व्हिडिओशी जुळत नव्हती. पाचवी तार ए स्वरात, म्हणजे ११० हर्ट्झवर लागते. व्हिडिओतील तार ए आणि त्याच्या लगतचा वरचा स्वर ए शार्प यांच्या मधोमध कुठेतरी वाजत होती. कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावूनही उपयोग होईना, कारण कॅपोने स्वर चढतो तो एकेका फ्रेटच्या (गिटारीच्या मानेवरील आडव्या पट्टीच्या), म्हणजे अर्ध्या स्वराच्या टप्प्याने. अधेमध्ये थांबण्याची सोय त्यात नाही.

याबद्दल विचारणा केली तेव्हा ‘व्हिडिओ ऐकून तारा ताणून घ्या’ असे उत्तर आले. जुन्या झालेल्या तारांपैकी पहिली, सर्वांत बारीक तार या खटाटोपात तुटली. त्यावर तुमची गिटारच सदोष असून आमच्याकडील खास तारांचा संच मागवावा, असा सल्ला किमतीसह तत्परतेने मिळाला. (त्यांची तत्परता एवढ्या एकाच बाबतीत दिसली.) मराठी गाणी म्हणून जे टॅब पाठवले होते, तेही कोणा वादकाने लिहिलेले नव्हते. सहा रेघांच्या टॅबमध्ये प्रत्येक रेघ म्हणजे एक तार आणि तिच्यावरचा आकडा म्हणजे फ्रेट. येथे तिसऱ्या तारेच्या रेघेवर एकाच मात्रेला दोन आणि सात असे दोन आकडे होते. एका तारेतून एका वेळी एकच स्वर निघतो, हे ज्याने कधी गिटार हातात धरली आहे त्याला सांगावे लागत नाही. पैसे भरण्यापूर्वी नमुन्याचे एखादे पान मागवून हातातल्या वाद्यावर वाजवून पाहिले, तर हा प्रकार तिथल्या तिथे उघड होतो.

पहिला हप्ता वळता होताच यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या विभागात जाऊन मी ती परवानगी रद्द केली. मोबाइलमधील त्यांचे ॲप काढून टाकल्याने वसुली थांबत नाही. इचलकरंजीच्या एका परिचितांनी ॲप काढून टाकले आणि तरीही त्यांच्या खात्यातून पुढचा हप्ता गेला. त्यानंतर मी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली व बँकेलाही लेखी कळवले. जिल्हा ग्राहक आयोगात आपल्या राहत्या ठिकाणी दाद मागता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही, पण तक्रार लावायची कोणावर, हा प्रश्न होता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्या संकेतस्थळावर कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव असावे लागते. येथे केवळ एक व्हॉट्सॲप क्रमांक होता. पान उघडताच सर्वप्रथम तळाशी जाऊन हे पाहावे.

त्यानंतर ‘परतावा विभागातून बोलतो’ असे सांगणारा फोन आला. त्या गृहस्थाला माझे नाव, भरलेली रक्कम आणि तारीख ठाऊक होती. पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की ४,९९९ रुपये जमा होतील, असे तो अत्यंत अदबीने सांगत होता. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, असे म्हणताच त्याने फोन ठेवला. त्याच आठवड्यात कागलच्या एका तरुणाने अशाच फोनवर पिन दिला आणि त्याचे मूळ नुकसानीहून अधिक पैसे गेले.

माझ्या तक्रारीला क्रमांक मिळाला आहे, रक्कम अद्याप मिळालेली नाही. तीच जाहिरात सध्या दुसऱ्या नावाने फिरत असून तिच्यात आता ४९ रुपये लिहिलेले आहेत.